उपाशी शरीराला पदक पेलत नाही

बर्फावरील फिगर स्केटिंग हा खेळ आपल्याकडे फक्त दूरदर्शनवर पाहायला मिळतो. तरीही त्यातील एका मुलीची हकीगत प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे.

युलिया लिप्नित्स्काया ही रशियाची खेळाडू. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये, अवघ्या १५ व्या वर्षी, तिने सांघिक सुवर्णपदक मिळविले. लाल पोशाखातील ती चिमुरडी जगभर गाजली. परंतु २०१७ साली, १९ व्या वर्षी, तिने खेळाला रामराम ठोकला. कारण होते अॅनोरेक्सिया नर्व्होसा. या आजाराने आपण कित्येक वर्षे ग्रासलो होतो, उपचार आधीच घ्यायला हवे होते, असे तिने स्वतःच सांगितले. उपचारांनंतर ती प्रशिक्षणाकडे वळली व मुलांना स्केटिंग शिकवू लागली.

हा आजार म्हणजे नुसती अन्नावरची वासना उडणे नव्हे. वजन वाढण्याची भीती मनात इतकी घर करते, की हाडाची काडे झालेल्या मुलीलाही आरशात आपण जाडच दिसतो. स्केटिंगमध्ये हलके शरीर हवेत चटकन गिरकी घेते. त्यामुळे वयात येताना होणारी स्वाभाविक वाढही या मुलींना शत्रू वाटू लागते.

श्रम भरपूर आणि आहार अपुरा असला, की शरीर काटकसर सुरू करते. प्रथम मासिक पाळी थांबते. स्त्रीसंप्रेरक कमी झाल्याने हाडे ठिसूळ होतात व उडीनंतरच्या आघाताने त्यांना बारीक तडे जातात. नाडी मंदावते, थंडी सोसत नाही, चक्कर येते. हाडांची बळकटी प्रामुख्याने विशीपर्यंतच साठते. ती वर्षे वाया गेली, तर पुढे भरपाई होणे कठीण.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ साली वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला, त्यामागे मुलींच्या आरोग्याचाही विचार होता.

आपल्या गावातल्या मुलीही धावतात, नाचतात, भरतीची तयारी करतात. "पाळी नाही, बरीच कटकट गेली," असे म्हणणाऱ्या आया मला दवाखान्यात भेटतात. बायांनो, ही कटकट नव्हे, ती प्रकृतीची पावती आहे!

पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये :

• सुरू झालेली पाळी तीन महिने बंद राहणे, किंवा १५ वर्षांपर्यंत पाळी न येणे.
• "बाहेर खाऊन आले" म्हणून पंगत टाळणे, जेवणानंतर मोरीत बराच वेळ काढणे.
• सतत वजनाचा काटा पाहणे, अंग झाकणारे ढगळ कपडे घालणे.
• वारंवार हाड दुखणे, भोवळ येणे.

अशा मुलीला रागावू नये, जबरदस्तीने घासही कोंबू नये. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिल्यास जिवावर बेतू शकते. प्रथम आपल्या डॉक्टरांना दाखवावे. रक्त तपासणी ठीक आली म्हणून निर्धास्त राहू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

आणि घरात कुणी "किती जाड झालीस गं!" असे सहज म्हणत असेल, तर त्याला आजच थांबवावे.