लवण, क्षार आणि रसायनाचा शिक्षक

रामनवमीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याच्या वाटा माणसांनी भरून जातात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी बंजारा समाज देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोहरादेवीला येतो. या समाजाला महाराष्ट्रात लमाण या नावानेही ओळखतात आणि या नावाचे मूळ ‘लवण’ या संस्कृत शब्दात असल्याचे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या समाजाच्या तांड्यांनी शतकानुशतके हा देश पायी तुडविला. पुढे आगगाडी आली, इंग्रजांनी मिठावर कर बसविला, आणि त्या व्यापाराचा कणाच मोडला. ज्यांच्या नावातच मीठ आहे त्यांच्या मुलांना आज मिठाचे शास्त्र कोण शिकवितो आणि किती वर्षे शिकवितो, हा प्रश्न यात्रेच्या गर्दीत कोणी विचारीत नाही. वस्तुतः तो विचारण्याजोगा आहे.

रसायनशास्त्राच्या वर्गात मिठाचा धडा येतो तो आम्ल आणि आम्लारी यांच्या पाठोपाठ. मराठी पाठ्यपुस्तक सांगते की या दोहोंच्या संयोगाने क्षार आणि पाणी तयार होते. हिंदीत मात्र याच पदार्थाला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ हा शब्द अल्कासाठी वापरतात. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, बाजारात हिंदी ऐकते, शाळेत मराठी वाचते. आणि अकरावीला विज्ञान शाखेत पाऊल टाकताच हे सारे पुसून ‘ॲसिड’, ‘बेस’ आणि ‘सॉल्ट’ यांच्या राज्यात जाते. एकाच वस्तूची ही चार नावे चार वेगळ्या वस्तूंची नव्हेत, हे त्याला समजावून देणारा माणूस पहिल्या वर्षीच तयार होत नाही. विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो हे कळायला शिक्षकाला आठ-दहा वर्षे तरी एकाच गावात, एकाच फळ्यासमोर काढावी लागतात.

मराठीत हे काम करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शास्त्र विषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी रसायनशास्त्रासह अनेक शास्त्रीय विषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले, ते परिभाषेचा पत्ता नसलेल्या काळात. तिकडे कलकत्त्यात आचार्य प्रफुल्लचंद्र राय १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले, १९१६ पर्यंत तेथे राहिले, आणि त्यानंतर विज्ञान महाविद्यालयात १९३६ पर्यंत शिकवीत राहिले. म्हणजे एकूण ४७ वर्षे. १९२१ साली साठी पूर्ण झाल्यावर त्यांनी आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. परंतु एवढा मोठा संशोधक अगदी नवख्या विद्यार्थ्यांचे वर्ग स्वतःकडे मागून घेई, ही गोष्ट तिच्याहून मोठी असूनही फारशी सांगितली जात नाही.

मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण डॉ. कमला सोहोनी यांचे. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९३३ साली केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला तेव्हा त्या हटून बसल्या. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना त्यांना घ्यावे लागले, तेही वर्षभराच्या परीक्षेवर. पुढे १९३९ साली केंब्रिजला त्यांनी पीएच. डी. मिळविली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, हा त्यातला शोध. हा भाग शाळांच्या भिंतींवर लागतो, भाषणांत येतो. त्यापुढचा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. लग्नानंतर मुंबईला आल्यावर त्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या, त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या आणि अखेरीस त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. विद्यार्थ्यांना संशोधनासाठी दिलेले विषय कोणते? नीरा, कडधान्ये, भाताचे पीठ. ताडाच्या झाडावरून उतरणारा गोड रस काही तासांत आंबून ताडी होतो. तो ताजा राखला तर कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याचा काय उपयोग होईल, हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासून घेतले. निवृत्तीनंतरही ग्राहक चळवळीत राहून अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे त्या गृहिणींना शिकवीत राहिल्या. वर्ग बदलला, शिकविणे थांबले नाही.

पोहरादेवीच्या परिसरात अशा विषयांची वाण नाही. काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे पाणी साबणाला फेस येऊ देत नाही. भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरते. हा जड पाण्याचा धडा गावात फुकट उपलब्ध आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांतील कुटुंबे दिवाळीनंतरचे महिने साखर कारखान्याच्या दारात काढतात. तेथे उसाचा रस तापवून त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडून तो स्वच्छ करतात, हे अख्खे रसायनशास्त्र आहे. पण त्या दाराशी राहणारे मूल त्या हंगामात वर्गाबाहेर असते, आणि शाळेतील प्रात्यक्षिके नेमकी त्याच महिन्यांत होतात. मूल परतते ते गुढीपाडव्याला, परीक्षा उरकल्यावर. त्याच्यासाठी सुटलेला प्रयोग पुन्हा मांडून देणारा शिक्षक वेळापत्रकात बसत नाही. तो असतो तेव्हा केवळ स्वतःच्या जिद्दीने असतो.

आणि अज्ञानाची किंमत येथे कागदी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधे एकत्र मिसळणे, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारणे, अंगावर सांडलेले न धुणे, अशा कितीतरी गोष्टींची तेव्हा चर्चा झाली. त्यांतल्या सेंद्रिय फॉस्फरसच्या औषधांचे काम कीटकाच्या मज्जासंस्थेतील एका विकराला निकामी करणे हे असते, आणि तोच विकर माणसाच्याही शरीरात असतो. दहावी-बारावीच्या मुलाला हे एकदा नीट सांगितले तर ते बापाला पंप उचलू देण्याआधी सदरा बदलायला आणि तोंडाला फडके बांधायला लावील. दोष एकट्या शिक्षणाचा नव्हता; विक्रेते, कंपन्या, यंत्रणा सगळ्यांचा वाटा त्यात होता. तरीपण डब्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखविणारे कोणी घरात असते तर, हा विचार मनातून जात नाही.

आता हिशेब पाहावा. पंचविसाव्या वर्षी अनुदानित शाळेत लागलेला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, महाविद्यालयातला ६० व्या. तेहतीस वर्षांत वर्षाला साठ मुले धरली तरी दोन हजार घरांशी त्याचा संबंध येतो. किपच्या उपकरणातून निघणारा सडक्या अंड्याचा वास, ब्युरेटच्या शेवटच्या थेंबाला गुलाबी होणारे द्रावण, ज्योतीत चिमूटभर मीठ पडताच उठणारा पिवळा रंग: हे त्या दोन हजारांना आयुष्यभर आठवते, सूत्रे विसरली तरी. पण अशी तेहतीस वर्षे मिळणारच कशी? शाळांत २००० पासून शिक्षणसेवकाची पद्धत आली, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक तासाच्या हिशेबाने पैसे घेतो, उन्हाळ्यात बेकार होतो आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभा राहतो. अशा माणसाने प्रयोगशाळेतली कोणती बाटली कोठे ठेवली हे लक्षात ठेवावे अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची? प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी राहिली तर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याही गळून पडतात.

दुसरीकडून शिकवण्यांनी प्रयोग गिळला आहे. बारावीला रसायनाची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० चे. पण वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये ७२० पैकी १८० गुण रसायनाचे, आणि तेथे हातात परीक्षानळी धरावी लागत नाही. तेव्हा पालक शहाणे होतात, संस्थाही होतात. हजेरी एका ठिकाणी, शिकणे दुसऱ्या. प्रयोगवही मात्र सुबक अक्षरांत पूर्ण असते. जो प्रयोग केलाच नाही त्याचे निरीक्षण लिहिण्याची सवय सतराव्या वर्षी लागली, तर पुढे त्या मुलाच्या कोणत्याही अहवालावर विश्वास कसा ठेवावा?

यावर उपाय म्हणून सुसज्ज फिरत्या प्रयोगशाळा, संगणकावरचे आभासी प्रयोग अशा सूचना अधूनमधून येतात. त्या टाकाऊ नाहीत. पण गाडी संध्याकाळी निघून जाते, आणि पडद्यावरचे द्रावण बोटांना चटका देत नाही. मानोऱ्यासारख्या तालुक्यात एक पूर्णवेळ, कायम नेमणुकीचा रसायनाचा शिक्षक आणि त्याच्या हाताशी एक सहायक, एवढी तरतूद फिरत्या गाडीपेक्षा महाग पडेलच असे नाही. उसाच्या फडावरून परतलेल्या मुलांसाठी एप्रिल-मे महिन्यांत प्रात्यक्षिकांची वेगळी फेरी ठेवली, तर तिचा खर्च काही बाटल्या आम्ल, थोडा सोडा आणि शिक्षकाची अर्धी सुटी इतकाच येईल. रामनवमी त्याच दिवसांत येते. यात्रेसाठी तांडे परत आलेले असतात, आणि शाळेच्या खोल्या रिकाम्या असतात.