गोळी चुकते कशी?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला लालबागचा रुग्ण मध्येच गोळ्या सोडतो, तेव्हा त्याला बेफिकीर ठरवणे फार सोपे असते. रक्तातील चरबी कमी करणारी गोळी थांबविल्याने त्या दिवशी काहीच दुखत नाही. वाचलेले पैसे मात्र लगेच दिसतात. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' पाहणीत, भारतासह गरीब देशांतील हृदयविकार व पक्षाघाताचे सुमारे ८० टक्के रुग्ण अशी एकही गोळी घेत नव्हते. १९८२ च्या संपात ज्या गिरणी कामगारांची नोकरी गेली, त्यांचे कामगार विम्याचे औषधही तिच्याबरोबरच गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटची किंमत बांधून दिली, हे उचितच; परंतु स्टेंट एकदा बसविला की झाले, गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्यासाठी केईएमच्या रांगेत उभे राहावे, तर रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो.