४०००६९ : अंधेरी पूर्वेची मूळ संख्या

अंधेरी पूर्वेचा पिनकोड ४०००६९. संख्या म्हणून वाचला तर चार लाख एकोणसत्तर. ही मूळ संख्या आहे: १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. यावर पटकन विश्वास बसत नाही, कारण काही समजुती आड येतात.

गैरसमज : शेवटी ६९ आहे, म्हणजे ३ ने भाग जाणारच.

शेवटचे अंक पाहून २ किंवा ५ ची कसोटी लागते. ३ साठी सगळ्या अंकांची बेरीज करावी लागते. ती इथे १९ येते. १९ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून या संख्येलाही नाही.

गैरसमज : मूळ आहे हे ठरवायला लाखो भागाकार करावे लागतात.

६३३ चा वर्ग ४,००,६८९, म्हणजे आपल्या संख्येहून मोठा. संख्येचे दोन अवयव पडलेच, तर त्यांतला एक ६३२ च्या आतच सापडणार. तिथवर मूळ संख्या आहेत फक्त ११५. तेवढ्यांनी भागून पाहिले की झाले. कागद-पेन्सिलीने होणारे काम आहे!

गैरसमज : पिनकोड लागोपाठचे, म्हणजे ठिकाणेही शेजारची.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाले. ही पद्धत संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे, पण त्यांचा क्रम रेल्वेच्या स्थानकांप्रमाणे चालत नाही. ४०००६७ कांदिवली पश्चिम, ४०००६८ दहिसर आणि ४०००६९ अंधेरी पूर्व. लोकलने निघालात तर अंधेरीनंतर कांदिवली लागते आणि बोरिवली ओलांडल्यावर दहिसर.

गणितात मात्र हे तिघे पक्के शेजारी आहेत. ४०००६७ हीसुद्धा मूळ संख्या, म्हणून कांदिवली आणि अंधेरी ही जोडमूळ संख्यांची जोडी. मधल्या दहिसरला ६ ने भाग जातो, भागाकार ६६,६७८. हा योगायोग नव्हे. लागोपाठच्या तीन संख्यांत एकीला ३ ने भाग जातोच. कडेच्या दोन्ही ३ हून मोठ्या मूळ संख्या असल्या की तो मान मधलीकडे जातो, आणि ती समही असते.

गैरसमज : अवयव नाहीत, म्हणजे आत पाहण्यासारखे काही नाही.

मला या संख्येत सर्वांत सुंदर वाटते ते हेच : ५१३ चा वर्ग २,६३,१६९, ३७० चा १,३६,९००, बेरीज बरोबर ४,००,०६९. ४ ने भागल्यावर १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि ती एकाच प्रकारे मांडता येते. फर्माने सतराव्या शतकात सांगितलेले हे सत्य ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केले. कांदिवलीच्या संख्येत ३ उरतात, म्हणून तिची अशी मांडणी कधीच होणार नाही.

आणि मूळ नसलेल्या संख्याही नीरस नसतात. घाटकोपर पश्चिमच्या ४०००८६ मधील अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले तर २२,२२७ येतात. अशा संख्यांना देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद’ नाव दिले. मुलुंड पश्चिमची ४०००८० हीदेखील हर्षदच. घरातल्या मुलांना आज आपल्या पिनकोडचे अवयव पाडायला बसवा.