संत्र्याच्या दूरवाहतुकीत पॅलेटवरील मालाची बांधणी : वरूड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
वरूड-मोर्शी पट्टा हा नागपुरी संत्र्याचा प्रमुख उत्पादक प्रदेश आहे. २०१४ मध्ये या फळास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तथापि २०१९ नंतर बांगलादेशाने आयातशुल्क वाढवीत नेल्यामुळे जवळची परदेशी बाजारपेठ आकुंचित झाली. दूरच्या बाजारपेठा गाठावयाच्या तर फळ अनेक दिवस प्रवासात टिकले पाहिजे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. ती दाबाने फाटली की जखमेतून हिरव्या बुरशीचा शिरकाव होतो. म्हणून बागाईतदाराच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल अखेरीस मालाच्या बांधणीवर अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात या बांधणीच्या पद्धतींचे विवेचन केले आहे.

पॅलेट व रचना :
तणसाचा थर देऊन ट्रकमध्ये मोकळा माल भरण्याची पद्धत स्वस्त असली तरी तीत खालच्या फळांवर संपूर्ण ढिगाचा भार येतो. पॅलेट म्हणजे खोकी रचून यंत्राने एकत्र उचलता येणारा फळ्यांचा तळ होय. १२०० × १००० मि.मी. आकाराच्या पॅलेटवर ५०० × ३०० मि.मी. तळाची ८ खोकी एका थरात तंतोतंत बसतात. प्रत्येकी १० किलोच्या खोक्यांचे ८ थर रचल्यास एकूण भार ६४० किलो होतो व तळाच्या प्रत्येक खोक्यावर ७० किलो वजन येते. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याचे बळ मुख्यतः त्याच्या चार कोपऱ्यांत असते. म्हणून कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचना करावी. विटांप्रमाणे सांधेमोड केल्यास ढीग स्थिर वाटतो, परंतु खोकी लवकर दबतात. खोके पॅलेटच्या कडेबाहेर आल्यासही हेच घडते.

आवेष्टन व बांधणी :
सरळ रचना डळमळीत असल्याने तिला बाहेरून आधार द्यावा लागतो. ताणपट्टीचे प्लास्टिक सर्व बाजूंनी गुंडाळणे ही रूढ पद्धत सुक्या मालास योग्य आहे. संत्रे मात्र तोडणीनंतरही श्वसन करते. बंदिस्त आवरणात उष्णता व ओलावा कोंडतो आणि कूज वाढते. त्यामुळे चारही कोपऱ्यांवर पुठ्ठ्याच्या कोनपट्ट्या उभ्या करून आडव्या पट्ट्यांनी आवळणे, अथवा जाळीदार आवरण वापरणे श्रेयस्कर ठरते. खोक्यांची छिद्रे एकमेकांसमोर यावीत. शीतकंटेनरमध्ये थंड हवा तळातून वर वाहते, म्हणून भरण आखलेल्या रेषेवर जाऊ देऊ नये.

वाहनातील स्थैर्य :
पॅलेट बांधले म्हणजे ते वाहनास बांधले गेले असे नव्हे. युरोपीय मानकानुसार रस्तावाहतुकीत पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट व बाजूला ०.५ पट बल गृहीत धरले जाते. यास्तव पॅलेटमधील रिकाम्या जागा भरून काढणे आवश्यक असते. निर्यातीच्या लाकडी पॅलेटचा गाभा ५६ अंश सेल्सिअस तापमानास ३० मिनिटे तापवून त्यावर विहित शिक्का उमटविणे हा किडींच्या प्रतिबंधासाठी मान्य झालेला एक उपाय आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बांधणी केवळ घट्ट असून भागत नाही. तिने भार कोपऱ्यांवर पेलावा, हवा खेळती ठेवावी आणि हालचाल रोखावी. फळ जिवंत आहे याचे भान ठेवून केलेली बांधणीच वरूडच्या संत्र्यास दूरच्या बाजारपेठेत सुस्थितीत पोहोचवू शकेल.