रुळांकडेचे रान

ब्रिटनमधील लोहमार्गांची देखभाल करणाऱ्या 'नेटवर्क रेल' या सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात रुळांलगतची सुमारे ५२,००० हेक्टर जमीन आहे. शहरांच्या परसातून आणि शेतांच्या बांधांना खेटून जाणारा हा पट्टा कोठेच फारसा रुंद नसला, तरी तो मैलोन्‌मैल सलग आहे आणि त्यावर माणसाचा वावर जवळजवळ नाही. या दोन कारणांमुळे सरडे, वटवाघळे, फुलपाखरे आणि गवताळ रानफुले यांना तेथे अधिवास, म्हणजे अन्न, आसरा आणि वीण यांची सोय एकत्र असलेली जागा, मिळाला आहे. बॅजर हा बिळे करणारा प्राणीही तेथे राहतो. तो भराव पोखरतो आणि कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्याला सहजासहजी हुसकताही येत नाही.

या रानाचे वय मात्र फार नाही. वाफेच्या इंजिनांच्या ठिणग्यांनी वणवे पेटत असल्यामुळे रेल्वेचे कामगार उतारांवरील गवत व झुडपे नियमितपणे कापत असत. १९६८मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने निवृत्त झाली, कापणीची निकड संपली आणि बोडक्या उतारांवर झाडे आपोआप उगवली. ज्याला आज जंगल म्हणून जपावे असा आग्रह धरला जातो, ते बहुतांशी दुर्लक्षातून उभे राहिले आहे, हे त्याच्या बाजूने बोलताना विसरले जाते.

झाडांचा पहिला त्रास शरद ऋतूत जाणवतो. रुळावर पडलेली ओली पाने चाकांखाली चिरडली जातात आणि पानांतील टॅनिन व रुळातील लोह यांच्या संयोगाने काळा, कमालीचा निसरडा थर तयार होतो, त्यामुळे ब्रेक लावूनही गाडी घसरत पुढे जाते. ऑक्टोबर २०२१मध्ये सॉल्सबरी येथे दोन गाड्यांची जी टक्कर झाली, तिच्या मुळाशी असाच पानांनी माखलेला ओला रूळ होता.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दक्षिण इंग्लंडमधील अनेक भराव एकोणिसाव्या शतकात जवळचीच चिकणमाती ओतून, ती नीट दाबून न घेता रचलेले आहेत. ही माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन पाहिलेल्या मराठी वाचकाला हा स्वभाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ओक, पॉपलर, विलो यांसारखी पाणीपिशी झाडे कोरड्या उन्हाळ्यात भरावातील ओल ओढून घेतात, भराव कमीजास्त खचतो, रुळांची पातळी बिघडते आणि गाड्यांचा वेग कमी करावा लागतो. हवामानबदलामुळे उन्हाळे अधिक कोरडे होत जातील, तसा हा त्रास वाढणार आहे. परंतु हिवाळ्यात हीच झाडे उपकारक ठरतात. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि उतार घसरतो; झाडांनी आधीच ओल शोषून घेतलेली असल्यामुळे तो दाब मर्यादेत राहतो. म्हणून झाडे सरसकट तोडली, तर उन्हाळ्याची कटकट मिटते, पण मुळे कुजू लागल्यावर पावसाळी हिवाळ्यात उतारच कोसळण्याची भीती निर्माण होते.

यावर अभियंत्यांनी सुचविलेला मार्ग असा की, रुळाजवळच्या वरच्या भागातील मोठी झाडे काढावीत आणि पायथ्याकडची राखावीत. असे केल्यास वर गवत व रानफुले, मध्ये झुडपे आणि खाली वृक्ष अशी चढती उंची तयार होते, आणि फुलपाखरे व पक्षी यांना रानाची अशीच कड सर्वांत मानवते. अभियांत्रिकी आणि निसर्गरक्षण यांचे हित येथे एकाच उताराने साधले जाते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या कडव्या मंडळींनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

पक्ष्यांच्या विणीच्या काळातच वृक्षतोड होते अशा तक्रारी उठल्यावर सरकारने जॉन व्हार्ली यांच्याकडे चौकशी सोपविली आणि २०१८च्या त्यांच्या अहवालानंतर नेटवर्क रेलने २०२४पर्यंत जैवविविधतेची घट थांबविण्याचे व २०३५पर्यंत तीत भर घालण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. दरम्यान १२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमधील कारमाँट येथे अतिवृष्टीने उतारावरील निचऱ्याच्या चरातील खडी रुळावर वाहून आली, गाडी घसरली आणि तिघे मृत्युमुखी पडले. तो चर मूळ आराखड्यानुसार बांधलेलाच नव्हता. पाण्याची वाट चुकली, तर कोणतेही रान रुळांना वाचवू शकत नाही.

कोकणात हे सत्य २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघाताने दाखवून दिले. मात्र जांभ्याचे कटिंग आणि चार महिन्यांत कोसळणारा पाऊस यांचे गणित निराळे असल्यामुळे ब्रिटनमधील झाडांचे सूत्र तेथे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. घेण्याजोगे आहे ते एवढेच, की माती, पाणी आणि वनस्पती यांची पाहणी प्रत्येक उतारासाठी वेगळी आणि एकत्र व्हावी.

रेल्वेची जमीन जीवांना नुसती आसरा देत नाही, ती नवे जीवही घडविते. सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या उतारांवरील 'ऑक्सफर्ड रॅगवर्ट' ही पिवळ्या फुलांची वनस्पती ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून भिंतींवर पसरली होती. १८४४मध्ये तेथे रेल्वे पोहोचली, तेव्हा रुळांखालील खंगर आणि राख तिला ज्वालामुखीच्या मातीसारखीच मानवली आणि गाड्यांच्या वाऱ्यासोबत तिच्या बिया देशभर गेल्या. पुढे स्थानिक 'ग्राउंडसेल'शी तिचा संकर होऊन निर्माण झालेली 'यॉर्क ग्राउंडसेल' ही नवी जाती १९७९मध्ये यॉर्क स्थानकाशेजारच्या वाहनतळावर सापडली आणि तणनाशकांच्या फवाऱ्यांनी काही वर्षांतच नामशेष झाली. बीजपेढीत जपलेल्या तिच्या बिया २०२३मध्ये यॉर्क शहरात पुन्हा पेरण्यात आल्या. त्यासाठी निवडलेल्या जागांमध्ये नेटवर्क रेलची जमीनही आहे.