विश्लेषण : कोड न लिहिता ‘गिटहब’ची माहिती थेट ‘शीट’मध्ये… ‘नो-कोड ऑटोमेशन’ची सोय किती, जोखीम किती?

समजा, पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकाने कळवलेली चूक दुपारी तीन वाजता दुरुस्त झाली. प्रोग्रामरने ‘गिटहब’वर तशी नोंदही केली. मात्र ग्राहकाशी बोलणाऱ्या सहकाऱ्याला हे कळले दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत. तोवर ग्राहकाचे दोन फोन येऊन गेले होते. काम झाले, पण ते झाल्याची बातमी पोहोचली नाही, ही अडचण जवळपास प्रत्येक आयटी कंपनीत दिसते. ‘झेपियर’, ‘मेक’, ‘एन८एन’ अशी ‘नो-कोड’ साधने ही दरी काही मिनिटांत भरून काढतात. मात्र ही जोडणी करताना आपण कोणाच्या हातात काय देतो, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

जोडणी कशासाठी?

सॉफ्टवेअर तयार होताना सतत माहिती निर्माण होत असते. कोणी नवा कोड टाकला, कोणी ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवली (म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती केली), कोणती चाचणी नापास झाली, कोणती तक्रार बंद झाली. ही सगळी माहिती गिटहब, गिटलॅब, जिरा अशा ठिकाणी साठते. विक्री, ग्राहक सेवा किंवा हिशेब विभागातील माणसे तिथे फिरकत नाहीत. त्यांचे काम स्प्रेडशीट, ईमेल आणि ऑफिसच्या चॅटवर चालते. दोन्हीकडचा दुवा जोडण्यासाठी पूर्वी एखाद्या प्रोग्रामरला वेगळा कोड लिहावा लागे. आता पडद्यावर दोन चौकटी जोडल्या की झाले. ‘तक्रार बंद झाली, तर शीटमध्ये ओळ भर आणि ग्राहक सेवेच्या ग्रुपवर निरोप टाक’ असा हा साधा नियम असतो.

ही साधने आली कुठून?

झेपियरची सुरुवात २०११ मध्ये अमेरिकेतील मिझुरी राज्यात झाली. आज ‘मेक’ म्हणून ओळखले जाणारे साधन मूळचे चेक प्रजासत्ताकातील. त्याचे जुने नाव ‘इंटेग्रोमॅट’. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ‘फ्लो’ आणले आणि २०१९ मध्ये त्याचे नाव ‘पॉवर ऑटोमेट’ केले. चेन्नईत मुख्यालय असलेल्या झोहोचेही ‘झोहो फ्लो’ आहे. बर्लिनमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या एन८एनचे वेगळेपण म्हणजे ते कंपनीला स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. त्यामुळे माहिती बाहेर जात नाही. मात्र तो सर्व्हर सुरक्षित आणि अद्ययावत ठेवण्याची जबाबदारीही मग आपलीच.

निरोप पोहोचतो कसा?

याच्या दोन पद्धती आहेत. पहिली ‘पोलिंग’. यात साधन ठरावीक वेळाने गिटहबला ‘काही नवे आहे का?’ असे विचारत राहते. झेपियरच्या मोफत योजनेत हे अंतर १५ मिनिटांचे असते. दुसरी पद्धत ‘वेबहुक’. यात घटना घडताच गिटहब स्वतःहून कळवते. बँकेत जाऊन पासबुक भरून आणणे आणि पैसे गेल्याबरोबर मोबाइलवर एसएमएस येणे, यात जो फरक आहे तोच इथे. वारंवार विचारण्यावर मर्यादाही असते. ओळख न पटवता गिटहबला तासाला केवळ ६० वेळा विचारता येते, तर ओळख पटवून सर्वसाधारणपणे ५ हजार वेळा. म्हणूनच ‘लाइव्ह’ माहिती हवी असल्यास वेबहुकला पसंती दिली जाते.

‘लाइव्ह’ म्हणजे खात्रीचे का?

नाही. गिटहबने निरोप पाठवल्यावर समोरच्या सर्व्हरने १० सेकंदांत पोच देणे अपेक्षित असते. ती मिळाली नाही तर तो निरोप फसला असे धरले जाते आणि गिटहब तो आपोआप पुन्हा पाठवत नाही. मागणी करून तो पुन्हा मागवता येतो, पण त्यासाठी निरोप चुकल्याचे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. उलट बाजूने, एकच निरोप दोनदा आला तर शीटमध्ये एकाच घटनेच्या दोन ओळी पडू शकतात. यावर उपाय आहे. गिटहब प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक देते. तो शीटमध्ये नोंदवून ठेवला की दुबार ओळ ओळखता येते. शिवाय दिवसातून एकदा मूळ नोंदी आणि शीट यांचा ताळा घेणारा वेगळा नियम लावणे शहाणपणाचे ठरते.

खरी जोखीम कुठे आहे?

जोडणी करताना ‘परवानगी द्या’ असे बटण येते. ते दाबले की गिटहब त्या साधनाला एक ‘टोकन’ देते. हे टोकन म्हणजे घराची किल्ली. ती ज्याच्याकडे, त्याला पासवर्ड विचारला जात नाही. शिवाय किल्ली अनेकदा गरजेपेक्षा मोठी असते. एखाद्या खासगी प्रकल्पातील तक्रारींची नुसती यादी हवी असली, तरी जुन्या पद्धतीच्या टोकनमध्ये ‘रेपो’ ही परवानगी द्यावी लागते. तिच्यामुळे त्या खात्याला दिसणारे सगळे खासगी प्रकल्प वाचता येतात आणि बदलताही येतात.

याची किंमत काय असू शकते हे एप्रिल २०२२ मध्ये दिसले. ‘हेरोकू’ आणि ‘ट्रॅव्हिस सीआय’ या सेवांना दिलेली टोकन चोरून हल्लेखोरांनी डझनावारी संस्थांचा खासगी कोड उतरवून घेतला. गिटहबच्या मालकीच्या ‘एनपीएम’चाही त्यात समावेश होता. गिटहबच्या यंत्रणेत कोणी शिरले नव्हते. किल्ली बाहेरच्या हातातून गेली होती.

दुसरे उदाहरण २०२५ चे. ‘सेल्सलॉफ्ट’ कंपनीच्या गिटहब खात्यात हल्लेखोर मार्च ते जूनदरम्यान शिरले होते, असे नंतरच्या तपासात आढळले. पुढे त्यांनी कंपनीच्या ‘ड्रिफ्ट’ या चॅट सेवेकडील टोकन मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती वापरून शेकडो कंपन्यांच्या ‘सेल्सफोर्स’मधील माहिती पळवली. क्लाउडफ्लेअर आणि पालो अल्टो नेटवर्क्स यांच्यासारख्या सुरक्षा क्षेत्रातील कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. ज्यांची माहिती गेली, त्यांनी फक्त एक चॅट सेवा आपल्या यंत्रणेला जोडली होती.

कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा?

हा प्रश्न लहान कंपन्यांत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. जोडणी बहुधा कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर केलेली असते. तो नोकरी सोडून गेला आणि त्याचा प्रवेश बंद केला, की त्याच्या टोकनवर चालणारे सगळे नियम थांबतात. शीट जुनीच माहिती दाखवत राहते. प्रवेश बंद करायचा राहिला, तर कंपनीबाहेरील माणसाच्या नावावर किल्ली चालूच राहते. दोन्ही बाबतीत अनेक दिवस कोणाला पत्ता लागत नाही.

जबाबदारी कोणाची आणि काळजी काय घ्यावी?

तक्रारींच्या नोंदीत ग्राहकांची नावे आणि मोबाइल क्रमांक असतात. जोडणीमुळे तेही तिसऱ्या कंपनीकडे जातात. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३’नुसार माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी मूळ कंपनीचीच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

त्यामुळे काही गोष्टी सुरुवातीलाच करणे हिताचे. गिटहबवर आता ठरावीक प्रकल्पापुरते, केवळ वाचण्याची परवानगी देणारे आणि मुदत संपणारे टोकन करता येते, तेच वापरावे. जोडणी वैयक्तिक नव्हे, तर कंपनीच्या स्वतंत्र खात्यावर करावी. वेबहुकसाठी गुप्त शब्द ठरवावा. त्याच्या आधारे गिटहब प्रत्येक निरोपावर सांकेतिक सही करते आणि ती तपासली की खोटा निरोप ओळखता येतो. शीटमध्ये गरजेपुरतेच रकाने पाठवावेत, ग्राहकाचा मोबाइल क्रमांक तिथे लागतोच असे नाही. आणि कोणते साधन कशाला जोडले आहे, कोणाच्या नावावर आहे, याची यादी करून दर तीन महिन्यांनी तपासावी. नको असलेली परवानगी गिटहबच्या सेटिंग्जमधून त्याच दिवशी काढून टाकता येते. जोडायला पाच मिनिटे लागतात, काढायला त्याहून कमी.