रॉबर्टची आई

व्रत एकाचे आणि उपास दुसऱ्याला, असे संसारात पुष्कळदा घडते. घरातील कर्ता पुरुष एखाद्या ध्येयाला स्वतःस वाहून घेतो, देशोदेशी त्याचे नाव होते, पुतळे उभे राहतात, चरित्रे लिहिली जातात. त्या ध्येयाची झळ जिने चुलीपाशी बसून सोसली, तिचा उल्लेख चरित्रात चार ओळींत आटोपतो. नाताळच्या सणानिमित्त अशाच एका ख्रिस्ती गृहिणीची ओळख आम्ही वाचकांना करून देणार आहोत. आफ्रिका खंड पायाखाली घालणारे डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचलेले असते. त्यांच्या पत्नी मेरीबाई यांचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

मिशनऱ्यांच्या धर्मप्रसाराविषयी आपल्याकडे भिन्न भिन्न मते आहेत आणि ती असणारच. तो वाद येथे उकरून काढण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आम्ही पाहणार आहोत ते एका पत्नीचे आणि मातेचे जीवन. ते समजण्यासाठी धर्म एकच असावा लागतो असे नाही.

मेरीचा जन्म १८२१ साली दक्षिण आफ्रिकेतील ग्रिक्वाटाउन येथे झाला. तिचे वडील रॉबर्ट मॉफट हे लंडन मिशनरी सोसायटीचे प्रचारक. कुरुमान या गावी त्यांनी ठाणे वसविले, पाट काढून बाग फुलविली, त्स्वाना लोकांची भाषा आत्मसात केली आणि संपूर्ण बायबल त्या भाषेत आणून १८५७ पर्यंत तेथेच छापून पुरे केले. मेरीची आई वाग्दत्त वरासाठी एकटी समुद्र ओलांडून आली आणि १८१९ साली केपटाउन येथे विवाहबद्ध झाली. ही इंग्रज बाई आठवड्यातून एकदा तरी घराची जमीन शेणाने सारवीत असे. धूळ बसते आणि पिसवा होत नाहीत, हे तिने अनुभवाने ओळखले होते व तसे आपल्या माहेरी पत्राने कळविलेही होते. आपल्या आज्या-पणज्यांना जे शिकवावे लागले नाही, ते या बाईने परक्या मुलखात आपणहून शिकून घेतले.

अशा घरात मेरी लहानाची मोठी झाली. त्स्वाना भाषा तिच्या जिभेवर बाळपणापासूनच खेळली. पुढे केपटाउनला शिक्षिकेचे शिक्षण घेऊन, काही वर्षे इंग्लंडमध्ये राहून ती १८४३ साली आईवडिलांसह कुरुमानला परतली. त्याच सुमारास डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा तरुण स्कॉटिश डॉक्टर त्या प्रांतात काम करीत होता. १८४४ च्या फेब्रुवारीत माबोत्सा येथे सिंहाने त्याच्यावर झडप घातली आणि त्याच्या डाव्या हाताचे हाड मोडले. विश्रांतीसाठी तो कुरुमानला आला. मॉफटांच्या बागेत बदामाचे एक झाड होते. त्याच्या सावलीत त्याने मेरीला मागणी घातली आणि १८४५ च्या जानेवारीत त्यांचा विवाह झाला.

पुढील सात वर्षांत मेरीबाईंनी तीन संसार मांडले. माबोत्सा, चोनुआने आणि कोलोबेंग. प्रत्येक ठिकाणी नवे घर, नवी चूल. कोलोबेंगला वर्षानुवर्षे पाऊस नव्हता. बाजारहाट नाही, दुकान नाही. पीठ दळण्यापासून सारे घरी करावयाचे. वारूळ पोखरून केलेल्या भट्टीत त्या पाव भाजीत, चरबीच्या मेणबत्त्या करीत, झाडांच्या राखेपासून साबण तयार करीत. दुपारी गावातील मुलांची शाळा भरे. पटावर शंभरापर्यंत मुले जमत. कधी शाळेऐवजी शिवणकामाचा वर्ग होई. हे सर्व अंगावर दूध पिणारे मूल सांभाळून. त्स्वाना रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाच्या नावावरून आईला हाक मारतात. त्यांचा पहिला मुलगा रॉबर्ट, म्हणून सारा मुलूख त्यांना 'मा-रॉबर्ट' म्हणू लागला. आपल्या खेडोपाडीही सुनेला 'अमक्याची आई' म्हणतात, तोच हा प्रकार.

त्याच गावी एक प्रसंग घडला, तो विचार करावयास लावणारा आहे. बाक्वेना जमातीचा राजा सेचेले याने १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. लिव्हिंग्स्टन यांच्या हातून ख्रिस्ती झालेला हाच एक ठळक मनुष्य. नव्या धर्माच्या नियमानुसार त्याला एकच पत्नी ठेवणे भाग होते. इतर राण्यांना त्याने त्यांच्या त्यांच्या माहेरी पाठवून दिले. त्यांतील काही जणी शाळेतील उत्तम विद्यार्थिनी होत्या. व्रत राजाने घेतले, घर मात्र त्या स्त्रियांचे मोडले. ज्यांना अक्षरे शिकविली, त्यांनाच गाव सोडून जाताना पाहणे मेरीबाईंच्या वाट्याला आले.

लवकरच ही पाळी त्यांच्या स्वतःच्या घरावर आली. लिव्हिंग्स्टन यांना उत्तरेकडील अज्ञात प्रदेशाचा ध्यास लागला होता. १८५० साली गर्भवती पत्नी आणि तीन लहान मुले यांना बैलगाडीत घालून त्यांनी कालाहारीच्या वाळवंटाच्या कडेने न्गामी सरोवर गाठले. तेथे मुले तापाने फणफणली. परतल्यावर ऑगस्टमध्ये कोलोबेंगला एलिझाबेथ जन्मली आणि जेमतेम दीड महिन्यात गेली. मेरीबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली.

बरे वाटावे म्हणून त्या माहेरी कुरुमानला गेल्या. आपल्या मुलीचे ते रूप पाहून आईच्या जिवाचे काय झाले असेल! पुढील वर्षी जावई पुन्हा त्याच वाटेने निघाला आहे आणि मुलीला पुन्हा दिवस गेले आहेत, हे कळताच मॉफटबाईंनी जावयाला खरमरीत पत्र लिहिले. एक मूल गेले, बाकीची मरता मरता वाचली, मुलगी आजारातून पुरती उठलेली नाही, तरी पुन्हा तिला रानावनातून फरफटत नेणार काय, असा त्यांचा सवाल होता. कोठे कायमचे ठाणे करून राहावयाचे असते तर गोष्ट निराळी, पण नुसत्या शोधप्रवासासाठी हे कशाला, असेही त्यांनी विचारले. ही बाई धर्मकार्याच्या विरुद्ध नव्हती. तिचा सारा जन्म त्याच कार्यात गेला होता. धर्मकार्य कोणते आणि पुरुषाची ओढ कोणती, एवढेच ती निवडून दाखवीत होती. लिव्हिंग्स्टन यांनी ते पत्र आपल्या रोजनिशीत उतरवून घेतले आणि गाड्या जुंपल्या.

त्या प्रवासात वाटाड्या सोडून गेला व पाणी संपले. मुले तहानेने व्याकूळ झाली. पाण्याच्या शोधात गेलेली माणसे पाचव्या दिवशी परतली, तेव्हा मुलांच्या ओठांना पाणी लागले. आपल्या पत्नीने त्या दिवसांत दोषाचा एक शब्दही उच्चारला नाही, डोळ्यांतील पाणी मात्र आतली व्यथा सांगत होते, असे लिव्हिंग्स्टन यांनीच पुढे आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. १८५१ च्या सप्टेंबरात परतीच्या वाटेवर, झूगा नदीच्या काठी, मेरीबाई बाळंत झाल्या. मुलाचे नाव ऑस्वेल.

मग लिव्हिंग्स्टन यांनी निर्णय घेतला. १८५२ च्या एप्रिलमध्ये केपटाउनहून पत्नी आणि चार मुलांना त्यांनी जहाजावर बसवून दिले. दोन वर्षांत येतो, असे सांगितले. लागली साडेचार वर्षे. ज्या स्त्रीचे माहेर आफ्रिकेत, तिला सासरी स्कॉटलंडमध्ये धाडले. हॅमिल्टनच्या सासरघरी त्यांचे पटले नाही. काही महिन्यांतच मुलांना घेऊन त्या बाहेर पडल्या. आज या गावी, उद्या त्या गावी, भाड्याच्या खोल्यांतून आणि ओळखीच्या घरांतून दिवस कंठावे लागले. पैशासाठी सोसायटीला वारंवार विनवण्या कराव्या लागत.

याच काळातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. १८५४ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लुआंडा बंदरी पोहोचले. मायदेशी नेणारी इंग्रज जहाजे तेथे समोर उभी होती. पण बरोबर आलेल्या सत्तावीस आफ्रिकन साथीदारांना सुखरूप घरी पोहोचविण्याचे वचन त्यांनी दिले होते. ते वचन पाळण्यासाठी जहाज सोडून ते पुन्हा अरण्यात शिरले. हा त्यांचा मोठेपणा खराच. परंतु एक वचन पाळताना दुसरे मोडले गेले आणि ते घरच्या माणसाला दिलेले होते. बाहेरच्याला दिलेला शब्द मोडला तर लौकिक जातो. घरच्यांना दिलेला मोडला तर कोणी विचारीत नाही.

१८५६ च्या डिसेंबरात खंड ओलांडून लिव्हिंग्स्टन परतले. इंग्लंडने त्यांना डोक्यावर घेतले. एका सत्कारसभेत लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी मेरीबाईंचाही जाहीर गौरव केला. सव्वा वर्षाने झांबेझी नदीच्या मोहिमेवर पतिपत्नी मिळून निघाली, पण वाटेतच मेरीबाईंना पुन्हा गर्भारपण असल्याचे कळले. केपटाउनला उतरून त्या माहेरी गेल्या आणि १८५८ च्या नोव्हेंबरात ॲना मेरी जन्मली. मोहिमेच्या आगबोटीला लिव्हिंग्स्टन यांनी 'मा रॉबर्ट' असे पत्नीचे नाव दिले होते. ती बोट धापा टाकीत चाले, सदा गळे आणि १८६० अखेर नदीतच बुडाली.

मुलांसाठी मेरीबाई स्कॉटलंडला परतल्या. पण मन थाऱ्यावर नव्हते. ज्या श्रद्धेच्या बळावर सारे सोसले, तीही या काळात डळमळली. पतीजवळ राहावे तर मुले परकी होतात, मुलांजवळ राहावे तर पती. अखेर १८६१ साली मुलांना मागे ठेवून त्या आफ्रिकेस निघाल्या. आईने लेकरे टाकून जावे हे कित्येकांना रुचणार नाही. मात्र ही कात्री ज्याने निर्माण केली, त्याच्या जाण्याला आपण पराक्रम म्हणतो, हेही विसरू नये.

१८६२ च्या आरंभी त्या झांबेझीच्या मुखाशी पोहोचल्या. पतीचा सहवास लाभला तो जेमतेम तीन महिने. शुपांगा येथे त्यांना ताप आला आणि २७ एप्रिल रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. सिंहाच्या जबड्यातून वाचलेला तो कणखर पुरुष त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. कोलोबेंगच्या दिवसांत मुलांशी खेळावयास आपण वेळ काढला नाही, ही खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली. थोरला रॉबर्ट अमेरिकेतील यादवी युद्धात नाव बदलून लढला आणि १८६४ साली कैदेत वारला. ॲना मेरीने वडिलांना प्रथम पाहिले ते त्याच वर्षी, वयाच्या पाचव्या वर्षी.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. नाशिकजवळ शरणपूर येथे गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनतर्फे शिकविले जात असे. १८६६ साली लिव्हिंग्स्टन यांनी तेथील नऊ तरुणांना आपल्या शेवटच्या प्रवासावर नेले. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट १८७२ साली त्यांना जाऊन मिळाला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा या साथीदारांनी त्यांचे हृदय तेथल्याच एका झाडाखाली पुरले आणि देह शेकडो मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत आणला. त्या साथीदारांत सुसी नावाचा एकनिष्ठ सेवक होता. तो मूळचा शुपांग्याचा, म्हणजे मेरीबाईंनी देह ठेवला त्याच गावचा.

पतीचा देह लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांच्या शेजारी विसावला. मेरीबाई मात्र आजच्या मोझांबिक देशात शुपांग्यालाच राहिल्या. तेथे त्यांना ज्या वृक्षाखाली पुरले, त्याला आपण गोरखचिंच म्हणतो. आफ्रिकेतून आलेला हा वृक्ष आपल्या कोकणपट्टीत आणि इतरत्रही उभा आहे. त्याच्या विशाल बुंध्याशी आपल्यापैकी कित्येकांनी हात जोडले असतील.

मेरीबाईंच्या त्यागाचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. परंतु त्याग तोच, जो देणाऱ्याला विचारून घेतला जातो. न विचारता घेतलेल्याला दुसरे नाव द्यावे लागते. मेरीबाईंना किती वेळा विचारले गेले, हे त्यांच्या चरित्रावरून वाचकांनीच ठरवावे. सणाच्या दिवशी आपल्या घरीही कोणाच्या ना कोणाच्या कष्टांवर सारा सोहळा उभा असतो. देवापुढे हात जोडून झाल्यावर त्या माणसाजवळ घटकाभर बसावे आणि तुला काय हवे, एवढे विचारावे.